‘नो डिस्क’ : तालुक्याच्या गावातला लेन्स-दुरुस्तीचा धंदा

गेमच्या यंत्रात डिस्क वाचली जात नाही, ही तक्रार निस्तरणारे कारागीर महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत व्हिडिओ गेममुळे तयार झाले नाहीत. ते घडले व्हीसीडी प्लेअरच्या बाकावर, आणि त्यांच्या आधीची पिढी टेपरेकॉर्डरच्या बाकावर. प्लेस्टेशन गावात पोचले तेव्हा ते उघडणारा हात आधीच तयार होता. यंत्राच्या आतला नेमका कोणता भाग दगा देतो, हे त्या हाताला बऱ्यापैकी ठाऊक होते.

बुलढाणा जिल्ह्यातले मेहकर हे अशा गावांपैकी एक. पैनगंगेकाठी वसलेले आणि शारंगधर बालाजीच्या देवळामुळे दूरवर माहीत असलेले हे गाव रेल्वेपासून मात्र लांब. मलकापूर, अकोला, वाशीम यांपैकी जे सोयीचे त्या स्टेशनावर उतरायचे आणि पुढे एसटी धरायची. जानेफळ, डोणगाव, हिवरा आश्रम या बाजूच्या खेड्यांचा राबता तहसिलीपासून मोटारपंपाच्या वाइंडिंगपर्यंत सगळ्या कामांसाठी इथेच. अशा गावात बिघडलेली वस्तू टाकून देण्याआधी ‘दाखवायला’ नेली जाते. कंपनीचे सेवा केंद्र लांबच्या शहरात असल्यामुळे दाखवायची ती बाजारपेठेतल्या रेडिओ-टीव्हीवाल्याकडेच.

या रेडिओ-टीव्हीवाल्याचे शिक्षण कुठे आयटीआयच्या ‘मेकॅनिक रेडिओ अँड टीव्ही’ या अभ्यासक्रमात झालेले असे, कुठे नुसतेच उस्तादाच्या हाताखाली. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शन रंगीत झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ झाले आणि १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे विणले गेले. या दोन-तीन वर्षांत त्याच्या दुकानाला बरकत आली. पण पुढच्या कामाची खरी पायाभरणी टीव्हीने केली नाही. ती केली टेपने. फितीवरचा तपकिरी थर हळूहळू हेडवर बसतो, आवाज दबतो, मग काडीला कापूस गुंडाळून तो स्पिरिटने पुसायचा. पुसूनही आवाज बसकाच राहिला, तर हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवून हेड फितीला काटकोनात आणायचे. हे करताना एक खात्रीची कॅसेट लावून ठेवायची. तिच्यावर आवाज चोख आला, तर दोष गिऱ्हाइकाच्या कॅसेटचा. नाही आला, तर यंत्राचा. माल की यंत्र, हा पहिला प्रश्न आणि तो सोडवण्याची ही रीत पुढे जशीच्या तशी डिस्कच्या जमान्यात आली.

मधल्या काळात टीव्हीला जोडायचे गेम आले. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला वेगवेगळ्या नावांनी भारतभर विकल्या गेल्या आणि ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’ घरोघर माहीत झाले. त्यांच्या जाडजूड प्लास्टिक डबीला पोरे कॅसेटच म्हणत, पण तिच्यात फीत नव्हती, चिप होती. गेम चालू झाला नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, ही रीत जगभरच्या पोरांनी आपापली शोधून काढली. फुंकरीतल्या ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या उलट गंजत. काम होई ते काढून परत बसवल्यामुळे. कारागीर त्या पट्ट्या खोडरबराने घासून देई. या गेममध्ये फिरणारे असे काही नव्हते, त्यामुळे दुरुस्तीचा धंदा म्हणावा एवढे कामही त्यात नव्हते.

फिरणारी वस्तू आली ती चकतीच्या रूपाने. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून घडवलेली सीडी १९८२ मध्ये जपानात बाजारात आली. १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्या एका अंगाला ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर आणि त्यात आतून बाहेर उलगडत जाणारी खाचांची सर्पिल रांग. दोन फेऱ्यांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर. संगीताच्या सीडीने ग्रामीण महाराष्ट्रात फारसे मूळ धरले नाही; कॅसेट स्वस्त होती आणि पुरेशी होती. १९९३ मध्ये ठरलेल्या व्हिडिओ सीडीच्या मानकाने मात्र चित्र पालटले. एका चकतीवर ७४ मिनिटांचे चित्र मावे, म्हणजे हिंदी सिनेमाला दोन किंवा तीन चकत्या. चित्र व्हीएचएसच्या आसपासचे, पण चकती पुन्हा पुन्हा लावून झिजत नव्हती आणि तिची नक्कल काढणे फितीपेक्षा कितीतरी सोपे होते.

चिनी सुट्या भागांवर जुळवलेले व्हीसीडी प्लेअर शतक पालटताना खेड्यापाड्यांत शिरले. टीव्ही आणि प्लेअर रात्रीच्या भाड्याने मिळू लागले. गणपतीत, बारशाला, लग्नाच्या आदल्या रात्री अंगणात पडद्याऐवजी टीव्ही लागला. लग्नाचे शूटिंग कॅसेटवरून सीडीवर आले. निवृत्ती महाराज इंदुरीकरांच्या कीर्तनांच्या सीड्या एसटी स्टँडबाहेरच्या टपऱ्यांवर मराठी-हिंदी सिनेमांच्या शेजारी मांडून विकल्या जात. मोझर बेअर या दिल्लीच्या कंपनीने २००७ च्या सुमारास मूळ सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा अस्सल आणि नकली यांच्या किमतीतले अंतर जवळजवळ मिटले. इतक्या चकत्या इतक्या हातांतून फिरू लागल्या, की त्या न वाचण्याची तक्रार रोजची झाली. प्लेअरच्या पुढच्या पट्टीवर ती हिरव्या किंवा निळ्या अक्षरांत उमटे : ‘नो डिस्क’.

हे दोन शब्द फसवे. डिस्क आत असतानाही यंत्र तसे म्हणते, कारण वाचता न येणारी डिस्क आणि नसलेली डिस्क यांत त्याला फरक करता येत नाही. झाकण लागले की लेन्स आधी आतल्या कडेला सरकते आणि तिथल्या बारीक स्विचला टेकते. मग लेसर पेटतो, लेन्स दोन-तीनदा खाली-वर होऊन चकतीवर नजर बसते का ते पाहते. परत आलेला प्रकाश चार तुकड्यांच्या एका संवेदकावर पडतो. ठिपका गोल पडला तर नजर बसली, आडवा-उभा लांबट पडला तर लेन्स जवळ किंवा दूर आहे. नजर बसली की मोटार वेग घेते, सुरुवातीची अनुक्रमणिका वाचली जाते आणि मगच चित्र सुरू होते. आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेरे, बाहेरच्या कडेला २००. या साखळीतली एखादी कडी तुटली तरी पाटीवर तेच दोन शब्द.

त्यामुळे दुरुस्तीची सगळी विद्या म्हणजे साखळी कुठे तुटली ते पाहणे. कंपन्यांच्या सेवा-पुस्तिकांत यासाठी ऑसिलोस्कोप लावून वाचन-संकेताची जाळीदार आकृती पाहायला सांगितलेले असते. तालुक्याच्या बाकावर ऑसिलोस्कोप कुठून असणार? तिथे काम डोळ्यांवर आणि कानांवर चाले. वरचे कव्हर काढून चकतीशिवाय यंत्र चालू करायचे आणि लेन्सकडे तिरक्या नजरेने पाहायचे. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा लेसर लालभडक दिसतो. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा दिसण्याच्या सीमेपलीकडचा, त्याची अंधारात जेमतेम एक मंद लाल टिकली जाणवते. टिकली नाही तर लेसर गेला किंवा त्याला वीजच पोचत नाही. टिकली आहे पण लेन्स हलत नाही, तर फोकसची कॉइल. लेन्स हलते पण चकती घातल्यावर ती फिरत नाही, तर मोटार. चकती फिरते, ‘चर्र-चर्र’ असा आवाज येतो आणि थांबते, तर लेन्स वाट शोधते आहे, तिला ती सापडत नाही. बहुतेक वेळा काच मळलेली. आणि या सगळ्याच्या आधी मल्टिमीटरने ५ व्होल्ट मोजायचे. विजेच्या चढउताराने सप्लायमधला कॅपॅसिटर फुगला, की मोटारीला जोर येत नाही आणि दोषी भलतीच लेन्स ठरते. २००५ नंतरच्या काही वर्षांत विदर्भ-मराठवाड्यात भारनियमन कडक होते. वीज येता-जाता बसणाऱ्या झटक्यांत लेन्सपेक्षा सप्लायच आधी मरत असे, हे कसलेला कारागीर जाणून असे. नवशिका थेट लेन्स बदलायला निघे.

सिनेमा कुठे अडकतो, यावरूनही निदान होई. चकती आतून बाहेर वाचली जाते. म्हणून मुळीच सुरू न होणाऱ्या चकतीचा दोष भोकाजवळच्या कड्यात शोधायचा. छान सुरू होऊन शेवटच्या मारामारीत चौकोन-चौकोन होऊन थिजणाऱ्या चकतीचा दोष बाहेरच्या कडेला, जिथे बोटे लागतात. एका चकतीला होते आणि दुसरीला नाही, तर यंत्र निर्दोष. सगळ्याच चकत्या ठरावीक मिनिटाला अडकतात, तर लेन्सची गाडी ज्या दांड्यावर सरकते त्यावर तेवढ्या जागी वाळलेले ग्रीस किंवा दात तुटलेली चक्री.

चकती पुसण्याचा नियम साधा आहे, पण तो बहुतेकांना उलटा वाटे. तव्यावरची रेकॉर्ड गोल फिरवत पुसतात, तशी सीडी पुसायची नाही. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची. कारण वाचनातली चूक दुरुस्त करण्याची सोय चकतीत मुळातच आहे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणितावर ती बेतलेली आहे, आणि रांगेतला सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा गेला तरी सीडी तो आजूबाजूच्या माहितीवरून भरून काढते. सरळ ओरखडा प्रत्येक फेरीचा इवलासा तुकडा खातो, तो भरून निघतो. गोल ओरखडा एकाच रांगेचा लांबलचक पट्टा खातो, तो भरून निघत नाही. शिवाय लेसरचा झोत पृष्ठभागावर पाऊण मिलिमीटरच्या घरात रुंद असतो आणि आतल्या थरावर जाऊन सुईच्या टोकाहूनही बारीक होतो, त्यामुळे वरची धूळ त्याला अस्पष्टच दिसते. टूथपेस्टने घासल्यावर ओरखडा जातो, या समजात तथ्य आहे : पेस्टमधले खडूसारखे कण पॉलिकार्बोनेटची तुटकी धार गुळगुळीत करतात आणि झोत भलतीकडे वळायचा थांबतो. चित्र छापलेल्या बाजूच्या ओरखड्याला मात्र कोणतीच पेस्ट चालत नाही. तिथे ॲल्युमिनियमवर फक्त लाखेचा पातळ लेप असतो. तो खरवडला, तर माहितीच गेली. लोक मात्र चकचकीत बाजू जिवापाड जपत आणि छापील बाजूवर बॉलपेनने नाव लिहीत.

लेन्स पुसून भागले नाही, की बदलायची. व्हीसीडीच्या काळात सोनीची केएसएस-२१३ ही लेन्स इतक्या यंत्रांत होती, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नुसता ‘२१३’ म्हटले तरी पुरे. सॅन्योचीही अशीच आकड्यांनी ओळखली जाणारी मालिका होती. नव्या लेन्सच्या पट्टीवर लेसरच्या दोन टोकांना जोडणारा डाखेचा एक थेंब असे. अंगातल्या स्थिर विजेने लेसर जळू नये, म्हणून कारखान्यातच तो टाकलेला. पट्टी यंत्रात खोचून झाली की तापल्या सोल्डरिंग आयर्नने तो थेंब उडवायचा. तो राहिला तर लेसर पेटतच नाही, आणि ‘नवी लेन्सही खराब निघाली’ असे म्हणून माल परत पाठवणारे नवशिके घाऊक व्यापाऱ्यांना चांगले परिचयाचे होते.

नवी लेन्स घ्यायची नसेल, तर आणखी एक उपाय होता आणि त्याने धंद्याचे नावही केले आणि बदनामीही. लेन्सच्या बगलेत राईच्या दाण्याएवढा प्रीसेट असतो; लेसरला किती वीज द्यायची ते त्यावर ठरते. म्हाताऱ्या लेसरचा प्रकाश कमी झाला, की हा प्रीसेट थोडा फिरवून वीज वाढवायची. टेपच्या हेडशेजारचा स्क्रू फिरवणाऱ्या हाताला हे सहज जमले. चकती लगेच वाचली जाई, गिऱ्हाईक खूश. पण जास्त विजेवर चालणारा लेसर उरलेले आयुष्य झपाट्याने संपवतो, आणि वाजवीपेक्षा जास्त फिरवला तर जागीच मरतो. काही महिन्यांनी तेच यंत्र परत येई, तेव्हा फिरवायला काही उरलेले नसे. प्रामाणिक कारागीर प्रीसेट फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेवर खूण करून ठेवी आणि गिऱ्हाइकाला ‘हे तात्पुरते आहे’ असे स्पष्ट सांगे.

एवढी शिदोरी बाकावर जमली असताना गेमची यंत्रे आली. सोनीचे पहिले प्लेस्टेशन जपानात ३ डिसेंबर १९९४ ला निघाले. भारतात ते बव्हंशी खासगी आयातीच्या वाटेने आले. मुंबई-पुण्याच्या पार्लरांत ‘टेकन ३’ हा गेम तासाला पैसे मोजून खेळणारी पोरे जमत. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत लेन्सची गाडी प्लास्टिकची होती आणि वीजपुरवठ्याची पेटी तिच्या शेजारीच. उष्णतेने प्लास्टिक झिजे, लेन्स किंचित तिरपी होई. मग यंत्र उभे किंवा चक्क पालथे करून चालवायचे, म्हणजे गाडी दुसऱ्या बाजूला टेकून पुन्हा सरळ होई. या युक्तीला जपानपासून अमेरिकेपर्यंत सगळीकडे मान्यता होती, आणि ती शास्त्राला धरूनच होती.

व्हीसीडीच्या बाकावरून आलेल्याला इथे पहिला धक्का बसला तो असा : ज्या लेन्सवर सिनेमा धडपडत का होईना चालतो, तशा लेन्सवर गेम चालत नाही. कारण दोन्हींचे व्यवहार वेगळे. सिनेमाचा एखादा तुकडा गेला तर पडद्यावर चौकोन उमटतात आणि गोष्ट पुढे सरकते. गेममधला तुकडा म्हणजे आज्ञावली. तिच्यातले एक अक्षर गेले तरी यंत्र अडते. म्हणून व्हीसीडीच्या दर तुकड्यात २,३२४ बाइट चित्र-आवाजाला दिलेल्या असतात, तर माहितीच्या तुकड्यात २,०४८ च. उरलेली जागा चूक-दुरुस्तीच्या जादा थराला जाते. त्याशिवाय व्हीसीडी संथ, एकपट वेगाने आणि ओळीने वाचली जाते. प्लेस्टेशन दुप्पट वेगाने वाचे, २००० साली आलेले प्लेस्टेशन २ सीडी २४ पट आणि डीव्हीडी चौपट वेगाने, आणि तीही सारखी इकडून तिकडे उड्या मारत. दांड्यावरचे वाळलेले ग्रीस सिनेमाला चालून जाई, गेमला नाही.

दुसरा धक्का यंत्र निर्दोष असतानाचा. अस्सल प्लेस्टेशन डिस्कच्या आतल्या कडेला रांगेला मुद्दाम दिलेल्या हेलकाव्यात त्या-त्या प्रदेशाची चार अक्षरे दडवलेली असतात. घरगुती बर्नरवर ती उतरत नाहीत, त्यामुळे नक्कल कितीही स्वच्छ असली तरी यंत्र ती नाकारते. त्यावर उतारा म्हणून ‘चिप’ बसवली जाई. ही चिप ती अक्षरे यंत्राला स्वतःच पुरवते. भारतात विकले-खेळले गेलेले बरेच प्लेस्टेशन अशा चिपवर चालले. त्यामुळे ‘डिस्क वाचत नाही’ म्हणून आलेल्या यंत्रात कारागीर आधी चिपच्या तारा पाहायला शिकला. बर्न केलेल्या चकतीचा रंगथर ॲल्युमिनियमहून कमी प्रकाश परतवतो, हेही याच वेळी पक्के झाले : अस्सल डिस्क चालते आणि नक्कल अडखळते, तर लेन्स म्हातारी होऊ लागली. नकलेच्या बाजाराने अशा प्रकारे दुरुस्तीलाही काम पुरवले. कायद्याने मात्र पुढे तो बाजार आवळला. झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी १९८१ मध्ये केलेल्या महाराष्ट्राच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात, म्हणजे ‘एमपीडीए’मध्ये, २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सचाही समावेश झाला.

प्लेस्टेशन २ हे या धंद्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. जगभर पंधरा कोटींहून अधिक खपलेले हे यंत्र भारतात नव्या पिढीची यंत्रे आल्यावरही वर्षानुवर्षे विकले जात राहिले. ‘देसी अड्डा’ (२००९) हा विटीदांडू-कबड्डीचा गेम आणि मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ (२०१०) हे खास भारतासाठी त्यावर निघाले. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांतल्या ‘डिस्क रीड एरर’ वरून अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला होता आणि तो तडजोडीने मिटला. या यंत्रात सीडी आणि डीव्हीडी यांच्यासाठी दोन वेगळे लेसर एकाच भिंगाखाली होते आणि प्रत्येकाचा प्रीसेट वेगळा. निळ्या पाठीच्या सीडी-गेम चालत नाहीत पण चंदेरी डीव्हीडी चालतात, असे झाले तर फक्त एकच लेसर थकलेला. लेन्सच्या गाडीच्या बाजूला एक पांढरी दातेरी चक्री असे. ती वाहतुकीत किंवा धक्क्याने एक-दोन दात सरकली, की लेन्सचा कल बदलून दोन्ही प्रकार अडत. ती परत आणणे हे पाच मिनिटांचे काम होते, आणि ते ज्याला ठाऊक नव्हते तो नवी लेन्स विकून मोकळा होई. २००४ च्या सडपातळ नमुन्याचे झाकण वरून उघडते, त्यामुळे पुसणे सोपे झाले. पण ओरखडलेल्या डिस्कवर नजर बसवण्याच्या धडपडीत त्याच्या सुरुवातीच्या यंत्रांत लेन्सची कॉइलच जळे.

सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आलेल्या एक्सबॉक्स ३६० ने दोष डिस्कवर ढकलला. चालू असताना उभे यंत्र आडवे केले की आतली डिस्क घासून तिच्यावर पूर्ण वर्तुळाचा चर पडे, म्हणजे नेमका तो गोल ओरखडा, ज्याला उपाय नाही. पुढच्या वर्षी इथे आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे आली : ४०५ नॅनोमीटरचा लेसर, रांगांमध्ये ०.३२ मायक्रोमीटर, आणि माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या दशांश मिलिमीटरवर. त्यावर कठीण लेप असल्याने ओरखडे कमी झाले, पण पेस्टने घासून दुरुस्त होण्याइतकी जाडीही उरली नाही. त्यातच डिस्क-ड्राइव्हचे सर्किट त्या यंत्राच्या मुख्य बोर्डाशी बांधलेले. दुसऱ्या यंत्राचा ड्राइव्ह काढून बसवला तर गेम चालत नाहीत. एका मेल्या यंत्रातून दुसरे जिवंत करणे हा ज्या बाकाचा जुना रिवाज, त्याला हे कुलूप जड गेले.

प्लेस्टेशन २ च्या बाबतीत तर लेन्सच बाजूला पडली. २००८ मध्ये ‘फ्री मॅकबूट’ ही मेमरी कार्डावरून सुरू होणारी आज्ञावली निघाली आणि गेम पेन ड्राइव्हवरून किंवा हार्ड डिस्कवरून चालू लागले. मेलेल्या लेन्सचे यंत्र ‘पेन ड्राइव्हवाले’ म्हणून पुन्हा विकले जाऊ लागले. सिनेमा-गाण्यांच्या बाजूनेही तेच. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागले, प्लेअरला यूएसबीचे भोक आले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर कार्ड भरण्याचीही गरज सरली. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली.

बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांत आता मोबाइलचे डिस्प्ले, सेट-टॉप बॉक्स आणि एलईडी टीव्हीच्या बॅकलाइटच्या पट्ट्या बदलल्या जातात. चकतीचे जे काम अजून येते ते बहुतेक लग्नाच्या सीड्यांचे, पेन ड्राइव्हवर उतरवून देण्याचे. त्यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. स्वस्त बर्न-सीडीचा रंगथर उन्हाने आणि वर्षांनी फिका पडलेला असतो, किंवा लाखेच्या कडेने हवा शिरून आतल्या चकचकीत थरावर डाग पडलेले असतात. अशी चकती संथ वेगाने, वेगवेगळ्या दोन-तीन ड्राइव्हमध्ये घालून जेवढी निघेल तेवढी काढून घ्यायची असते. ओरखड्यावर चालणारी पेस्ट इथे कामाची नाही, आणि प्रीसेटही नाही.